कोच गेला, सह्या मात्र झालेल्या: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा नवा धागा

ॲनआर्बरकर
मंडळी, २०२५ चा मोसम संपला. इंडियाना १६-० (सोळा जिंकल्या, एकही हरले नाहीत) करून राष्ट्रीय विजेते झाले. दोन वर्षांपूर्वी कुणी असं म्हणालं असतं तर आपण त्याला पाणी आणून दिलं असतं. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायची खिडकी, तीही १६ जानेवारीला बंद झाली. आता ऑगस्ट उजाडेपर्यंत भांडायला एकच विषय उरतो, कोण कुठे गेलं आणि कोणी कोणाला पळवलं. जुन्या धाग्याची पानं फार झाली म्हणून हा नवा.

सुरुवात आमच्या मिशिगनपासून, कारण धागा मी काढलाय. ३ डिसेंबर २०२५, बुधवार. बारावीतल्या पोरांनी मिशिगनला यायच्या करारावर सह्या केल्या. पुढच्याच बुधवारी विद्यापीठाने मुख्य कोच शेरॉन मूरला काढलं. का काढलं ते सगळ्यांनी वाचलंय, ते इथे चघळू नका ही विनंती. माझी तक्रार तारखांची आहे. ज्या माणसाने दोन-दोन वर्षं त्या पोरांच्या घरी खेपा घातल्या, आईबापांना शब्द दिले, तो सही झाल्यावर आठवड्याभरात नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी युटाचे कोच काइल व्हिटिंगहॅम आले. माणूस मोठा आहे, वाद नाही. पण यातल्या बऱ्याच पोरांशी ते पहिल्यांदा बोलले असतील ते सही झाल्यावर.

मग पोरगा सही करतो ती कोणाच्या भरवशावर?

ओहायोची सून
पहिली! आणि आधी एक आठवण करून देते: आमच्या ओहायो स्टेटने तुम्हाला हरवलं २७-९. तुमच्याच बिग हाऊस मैदानात.

आता मुद्द्यावर. आमचा कोच रायन डे सलग चार वर्षं मिशिगनकडून हरला. २०२४ मध्ये १३-१० ने हरल्यावर आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. सासरे तर त्याला काढायला स्वतः निघाले होते. कॉलेजने काढलं नाही. पुढच्या जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून तोच राष्ट्रीय विजेता झाला. त्या वेळी काढला असता तर अर्धा क्लास गेला असता आणि आमचा हुकमी खेळाडू जेरेमाया स्मिथसुद्धा पोर्टलमध्ये दिसला असता. कोच ठेवणं हेच सगळ्यात मोठं रिक्रूटिंग (पोरं मिळवणं) आहे असं माझं मत.

ॲनआर्बरकर
२७-९ हा आकडा या धाग्यात एकदाच चालेल. कोटा संपला.

नाशिकची_नवखी
मी शांतपणे वाचत असते, पण आज विचारतेच. भाऊ ॲटलांटात असतो, त्याच्यामुळे सामने बघायला लागले. हे 'क्लास', 'कमिट', 'फ्लिप' काय असतं? आणि कॉलेजच्या मुलांना पैसे मिळतात हे खरं का? आमच्याकडे कॉलेजच्या संघात निवड झाली की किट स्वतः विकत घ्यावं लागायचं.

हिशेबनीस
@नाशिकची_नवखी, थोडक्यात सांगतो. एका वर्षी बारावीतून घेतलेल्या पोरांचा गट म्हणजे क्लास. 'कमिट' हा नुसता तोंडी शब्द, कायद्याने त्याला काडीची किंमत नाही. तो फिरवून दुसरीकडे गेलं की फ्लिप. खरी बांधिलकी सहीची. पूर्वी सह्या फक्त फेब्रुवारीत व्हायच्या. २०१७ पासून डिसेंबरातही होऊ लागल्या आणि २०२४ पासून डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात.

पैशाचं म्हणाल तर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मुभा आहे. त्यालाच एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाऊस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला साधारण २.०५ कोटी डॉलर, सगळे खेळ मिळून. मोठ्या ठिकाणी त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल नेतं.

आता धाग्याच्या विषयाशी याचा संबंध असा की सहीची तारीख आधीची झाली, म्हणून कोच हाकलायची तारीखही आधीची झाली. नवा माणूस सहीच्या आधी हवा असेल तर जुन्याला पानगळीतच घालवावं लागतं. २०२५ मध्ये ओक्लाहोमा स्टेटने माइक गंडीला सप्टेंबरातच नारळ दिला. पेन स्टेटचा जेम्स फ्रँकलिन, फ्लोरिडाचा बिली नेपियर, एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा) ब्रायन केली, हे तिघेही ऑक्टोबरात गेले. मोसम अर्धा बाकी आणि पोरं खेळतायत हंगामी कोचच्या हाताखाली.

बॅटनरूजचा बंड्या
केलीचं नाव निघालंच आहे तर बोलून घेतो, बायको झोपलीये.

२०२१ मध्ये हा गृहस्थ नोत्र दाम सोडून आमच्याकडे आला. दहा वर्षांचा करार, साडेनऊ कोटी डॉलरच्या घरात. आणणारे आमचे ॲथलेटिक डिरेक्टर स्कॉट वुडवर्ड. याच वुडवर्डसाहेबांनी आधी टेक्सस ए अँड एमला जिंबो फिशर आणला होता. पुढे त्या कॉलेजने फिशरचा करार वाढवला आणि २०२३ मध्ये त्याला घालवायला साडेसात कोटींहून जास्त मोजायची पाळी आली. आणि केलीची शेवटची मॅच कोणाशी? ए अँड एमशीच, घरच्या मैदानावर, ४९-२५. दुसऱ्या दिवशी केली बाहेर, चार दिवसांनी वुडवर्डही बाहेर. मध्ये आमच्या गव्हर्नरांनी पत्रकारांसमोर सांगून टाकलं की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत. राज्याचा प्रमुख फुटबॉल कोचच्या नेमणुकीत लक्ष घालतो, यावरून ओळखा लुइझियाना काय चीज आहे ते.

केलीचा बायआउट, म्हणजे करार मोडल्याची भरपाई, सुमारे ५.४ कोटी. त्यावरूनही कोर्टकचेरी झाली, शेवटी पूर्ण देणं कबूल करावं लागलं.

हिशेबनीस
बंड्याभाऊ, हाच आकडा घ्या. सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला २.०५ कोटी. एका गेलेल्या कोचला ५.४ कोटी. म्हणजे अडीच वर्षांचं सगळ्या पोरांचं मानधन एका माणसाला, न येण्याबद्दल. आणि टीव्हीवर तज्ज्ञ बसून म्हणतात, पोरं पैशाच्या मागे लागली.

ओहायोची सून
+१. हे फ्रेम करून लावा कुणीतरी.

खडूस_आजोबा
मी या देशात १९७४ साली आलो. तेव्हा मिशिगनचे कोच बो शेंबेकलर आणि ओहायो स्टेटचे वुडी हेज समोरासमोर असत आणि खेळाडू चार वर्षं एका जागी राहायचे. आता दर जानेवारीत नवीन चेहरे. जर्सीवरचं नाव वाचेपर्यंत पोरगा दुसरीकडे. बाजार झालाय सगळा.

हिशेबनीस
आजोबा, आदर राखून सांगतो, बाजार तेव्हाही होता. फक्त विकायला बसलेल्यांत पोरं नव्हती. कोच तेव्हाही निघून जायचे आणि पोराने जायचं म्हटलं तर त्याला एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. ते बसणं २०२१ मध्ये गेलं. कोचला ती शिक्षा कधीच नव्हती.

खडूस_आजोबा
तुमचा मुद्दा मान्य. बाजार मान्य नाही.

बॅटनरूजचा बंड्या
माझं संपलं नव्हतं. तर केलीच्या जागी आला ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) कोच लेन किफिन. ओल मिस ११-१, त्यांच्या इतिहासातलं पहिलं प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) तोंडावर, आणि हे साहेब ३० नोव्हेंबरला विमानात बसून आमच्याकडे. म्हणे प्लेऑफपर्यंत तिथेच कोचिंग करू द्या, मग येतो. ओल मिसने नाही म्हटलं, बरोबर केलं. त्यांनी पीट गोल्डिंगला बढती दिली आणि पोरांनी टुलेनला ४१-१० आणि जॉर्जियाला शुगर बोल सामन्यात ३९-३४ असं धुतलं. उपांत्य फेरीत मायामीकडून ३१-२७ ने गेले, तेही शेवटच्या मिनिटाला.

मी एलएसयूवाला. किफिन आता माझा कोच. पण त्या रात्री मी ओल मिससाठी ओरडत होतो आणि मला त्याची लाज नाही.

शनिवारचा_प्रेक्षक
यातली गंमत कुणी पाहिली का? ज्या टुलेनला ओल मिसने हरवलं, त्यांचा कोच जॉन समरॉल तेव्हा फ्लोरिडाला जाणार हे जाहीर झालेलं होतं. तरी तो बाजूला उभा राहून टुलेनचं कोचिंग करत होता. जेम्स मॅडिसनचा बॉब चेस्नी तसाच, यूसीएलएला जायचं ठरलेलं आणि ऑरेगनविरुद्ध मैदानात हजर. म्हणजे छोटं कॉलेज म्हणतं, जाताय तर जा, पण एवढी मॅच करून जा. मोठं कॉलेज म्हणतं, निघा, दार तिकडे आहे. मानापमानाची ऐपत मोठ्यांनाच असते.

हॅपी व्हॅलीकर
मी गप्प होतो कारण आमचं दुःख ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पेन स्टेटवाले प्लेऑफच्या उपांत्य फेरीत. मोसमाच्या सुरुवातीला देशात दुसरा क्रमांक. मग ऑरेगन, यूसीएलए, नॉर्थवेस्टर्न अशा तीन मॅच सलग हरलो आणि १२ ऑक्टोबरला फ्रँकलिन गेला. बायआउट ४.९ कोटींच्या आसपास म्हणून सगळे ओरडले. पण त्याच्या करारात कलम होतं की दुसरी नोकरी शोधायची आणि तो पगार यातून वजा. सव्वा महिन्यात तो व्हर्जिनिया टेकला लागला आणि आमचं देणं ९० लाखांवर आलं. (फिशरच्या करारात हे कलम नव्हतं. ए अँड एमवाले २०३१ पर्यंत हप्ते भरतायत.)

पैसे वाचले हो, पण क्लास गेला. फ्रँकलिनने ब्लॅक्सबर्गला (व्हर्जिनिया टेकच्या गावी) पोचल्या पोचल्या आमच्याच पोरांना फोन लावले आणि एकामागून एक तिकडे वळली. ३ डिसेंबरला आम्ही नवा कोच शोधतच होतो. त्या दिवशी पेन स्टेटसाठी सह्या किती? दोन. पेन स्टेटला, दोन.

ॲनआर्बरकर
म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. पोरगा कोचला कमिट करतो, कॉलेजला नाही.

हॅपी व्हॅलीकर
थांबा, पुढचं ऐका. दोन दिवसांनी आयोवा स्टेटचा मॅट कॅम्बेल आला आणि पोर्टल उघडल्यावर त्याच्यामागून त्याचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा) रॉको बेक्टसकट बिऱ्हाडच आलं. म्हणजे आमचं घर फ्रँकलिनने रिकामं केलं आणि आम्ही आयोवा स्टेटचं. आयोवा स्टेटने मग वॉशिंग्टन स्टेटचा जिमी रॉजर्स नेला. तो तिथे जेमतेम एक मोसम होता. त्याआधी साउथ डकोटा स्टेटला, आणि तिथून निघताना तोही आपली बरीच पोरं घेऊन निघाला होता. या साखळीचं वरचं टोक टीव्हीवर दिसतं. पुलमनमध्ये, वॉशिंग्टन स्टेटच्या गावात, एका वर्षात दोनदा कोच गमावणाऱ्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

शनिवारचा_प्रेक्षक
बरोबर. आणि याच पद्धतीवर इंडियाना उभं आहे, ते विसरू नका. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसनहून आला तेव्हा तिथली डझनभर पोरं बरोबर घेऊन आला. ३-९ वाला संघ पहिल्याच वर्षी ११-२. आपण त्याला प्रतिभा म्हणतो. फ्रँकलिनने तेच केलं तर दरोडा.

माझ्या मते सिग्नेटीचं खरं भांडवल वेगळं आहे. २००७ ते २०१० तो अलाबामात निक सेबनच्या हाताखाली रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर होता. पंचतारांकित पोरं (बारावीतल्या पोरांना जाणकार पाचपर्यंत तारे देतात) कशी दिसतात हे त्याने जवळून पाहिलं. मग सगळं सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या गटातल्या, कॉलेजात मुख्य कोच झाला, जिथे एकेकाळी त्याचे वडील कोच होते. तिथे तारेबिरे काही नाहीत. तिथे माणूस नुसता व्हिडिओ बघून शिकतो की कोणता पोरगा पायाने हुशार आहे. दोन्ही शाळा शिकलेला कोच दुसरा कोण आहे, सांगा.

ओहायोची सून
पण तारे खोटे नसतात हं. इतकी वर्षं नियम एकच होता: क्लासमध्ये निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच तारेवाली नसतील तर राष्ट्रीय विजेतेपद विसरा. जॉर्जिया, अलाबामा, क्लेमसन, आम्ही, तुम्हीसुद्धा, सगळे त्याच चाळणीतून गेलेले. इंडियाना अपवाद आहे. अपवादावरून धोरण ठरवत नाहीत.

शनिवारचा_प्रेक्षक
ताई, तो नियम पोर्टलच्या आधीचा. बारावीतल्या पोराला दिलेले तारे म्हणजे सतराव्या वर्षीचा अंदाज. पोर्टलमध्ये तुम्ही बावीस वर्षांचा, दोन मोसम कॉलेजात खेळलेला गडी घेता. फर्नांडो मेंडोझाचंच बघा. घर मायामी, शाळा मायामी, सुरुवातीला कमिट केलं येलला. मग कॅलिफोर्निया, मग इंडियाना, मग हाइझमन, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. आणि फायनल मायामीतच, मायामीविरुद्ध, २७-२१. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, स्वतः पळत जाऊन टाकलेला तो टचडाउन कोणत्या ताऱ्यात मोजणार?

दुसरा ट्रिनिडाड चॅम्ब्लिस. ॲनआर्बरकर, हे तुमच्यासाठी. पोरगा ग्रँड रॅपिड्सचा, तुमच्याच राज्यातला. फेरिस स्टेटला डिव्हिजन टू विजेतेपद मिळवून दिलं, मग ओल मिसला जाऊन जॉर्जियाला हरवलं. ॲन आर्बरपासून दोन तासांवर होता. कोणी पाहिला?

ॲनआर्बरकर
तो विषय काढू नका. आमची सगळी नजर क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवूडवर होती.

बॅटनरूजचा बंड्या
अंडरवूड म्हणजे तो, जो जवळजवळ वर्षभर *आमचा* कमिट होता आणि सहीच्या दोन आठवडे आधी तुम्ही उचलला? अब्जाधीश लॅरी एलिसनचं नाव त्यात आलं होतं ना? कोच बदलाने पोरं पळतात म्हणे. आमचा कोच जागेवर होता, पोरगा तरी गेला.

ॲनआर्बरकर
बेलव्हिलचा पोरगा आहे तो. आमच्या मैदानापासून अर्ध्या तासाच्या आत घर. त्याला तुम्ही पळवला होता, आम्ही परत आणला. आणि मूर गेल्यावर पोर्टल उघडलं तरी तो राहिला, हे नोंदवून ठेवा.

किकरची_आई
इतके दिवस फक्त वाचत होते. आमचा अनुभव लिहू का, ठरत नव्हतं.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणारा, होता. सहावीपर्यंत सॉकर, मग कोणीतरी म्हणालं पाय चांगला आहे. किकरांची दुनिया वेगळीच, तारे शाळेच्या मॅचमध्ये मिळत नाहीत, उन्हाळी शिबिरांत मिळतात, आणि शिबिरांचे पैसे आपण भरायचे. व्हिडिओ कापून हडल या साइटवर टाकायचे, प्रत्येक कॉलेजचा फॉर्म भरायचा. शिष्यवृत्तीची अपेक्षा नव्हतीच. एका मोठ्या कॉलेजच्या सहायक कोचने वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय खेळणारा) म्हणून जागा आहे असं सांगितलं. आम्ही जाऊन आलो, त्यांनी लॉकरसमोर जर्सी घालून फोटो काढले.

मग तिथला मुख्य कोच गेला. त्याच्याबरोबर तो सहायकही. नवीन लोकांना मेल केली तर उत्तर आलं की संघ १०५ चा झाला आहे आणि त्यांनी पोर्टलमधून किकर घेतला आहे. भाषा अगदी नम्र होती. तोवर इतर कॉलेजांच्या प्रवेशाच्या तारखा जवळ आलेल्या.

तुम्ही करोडोंचं बोलता ते खरं असेल. पण बहुतेक घरांत हा खेळ असा संपतो.

हिशेबनीस
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. तो १०५ चा आकडा 'हाऊस' तडजोडीतूनच आला. आधी शिष्यवृत्त्या ८५, पण संघात माणसं कितीही, सव्वाशेच्या आसपास सहज असायची. ते वरचे सगळे वॉक-ऑन. आता शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि डोक्यांची आली. आधीपासून संघात असलेल्यांना न्यायाधीशांनी सूट द्यायला लावली. नव्याने दार ठोठावणाऱ्यांना ती नाही.

नाशिकची_नवखी
मुलगा आता काय करतो ताई?

किकरची_आई
मेकॅनिकल शिकतोय, छोट्या कॉलेजात. तिथे डिव्हिजन थ्रीचा संघ आहे, शिष्यवृत्ती नाही, पण दर शनिवारी खेळतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "आई, इथे कोच माझ्या लॅबच्या वेळेप्रमाणे प्रॅक्टिस लावतो." मला जरा बरं वाटलं.

खडूस_आजोबा
शाब्बास त्या मुलाला. हाच खरा कॉलेजचा खेळ.

हॅपी व्हॅलीकर
ॲनआर्बरकर, व्हिटिंगहॅमबद्दल तुम्ही सावध दिसताय. मला तर हेवा वाटतो. २००५ पासून एकाच ठिकाणी, युटाला, मुख्य कोच. २००८ च्या मोसमात १३-० आणि शुगर बोलमध्ये सेबनच्या अलाबामाला हरवलं. पॅक-१२ लीग दोनदा सलग जिंकली. आणि हे सगळं अशा क्लासांवर, ज्यांना तारेवाले पहिल्या विसातही क्वचितच धरायचे.

ॲनआर्बरकर
तेच तर. माणूस घडवणारा आहे, पळवणारा नाही. पण ६६ व्या वर्षी घडवायला वेळ किती? मिशिगनला चार तारेवाला पोरगा नुसत्या हेल्मेटकडे बघून येतो, त्याला ती सवय नाही. उलट आमच्याकडे दुसऱ्या कॉलेजचे क्रेडिट चालवून घेण्यात इतकी कटकट आहे की तिसऱ्या वर्षाचा पोरगा पोर्टलमधून घ्यायचा म्हणजे रजिस्ट्रारच्या पाया पडावं लागतं. युटासारखी पोरं सावकाश वाढवायची तर ती टिकली पाहिजेत, आणि टिकवायचं तर पैसे पाहिजेत. तिथे आम्ही कमी नाही. म्हणून मी आशावादी आहे, पण आवाज न करता.

ओहायोची सून
आवाज २८ नोव्हेंबरला कोलंबसात करा. या वर्षी तुम्ही आमच्याकडे आहात.

शनिवारचा_प्रेक्षक
त्याआधी १२ सप्टेंबरला ओक्लाहोमा ॲन आर्बरला येतंय. नवा कोच कळेल तो त्या दिवशी.

ॲनआर्बरकर
अरे देवा. १४ ला गणपती आहेत. म्हणजे मंडळवाले शनिवार बघून १२ तारखेलाच प्रतिष्ठापना ठेवतील, शाळेचा हॉल स्वस्त मिळतो म्हणून. गेल्या खेपेस अर्धे पुरुष आरतीत मोबाइलवर स्कोअर बघत होते आणि एकाने "सुखकर्ता"च्या मधे "इंटरसेप्शन!" असं ओरडून घेतलं.

बॅटनरूजचा बंड्या
कमिटीत कोण आहे तुमच्या? आत्ताच फ्लिप करा. १९ ला ढकला.

ॲनआर्बरकर
अध्यक्षीणबाई आमच्या कट्टर वैऱ्यांच्या, मिशिगन स्टेटच्या. प्रयत्न करतो.